आठ दाबला की एक

जुनी गाडी बघायला गेलं की आपल्याकडे माणसं आधी बॉनेट उघडायला लावतात. इंजिन चालू करून कान देतात, सायलेन्सरमागे जाऊन धूर बघतात आणि मग भाव पाडायला सुरुवात करतात. एमजीबी या दोन सीटच्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत हे सगळं नंतर. आधी गुडघे टेकायचे, जमलं तर सरळ ओल्या फरशीवर उताणं व्हायचं आणि दाराखालचा पत्रा बघायचा. इंजिन गेलेलं असलं तर दुसरं बसवता येतं. इंग्लंडात त्याचे भाग अजून चिक्कार मिळतात आणि फार महागही नसतात. पत्रा गेलेला असेल तर मात्र गाडीच गेली म्हणायची.

त्याला कारण आहे. 1962 साली एमजीबी आली तेव्हा तिच्या आधीच्या एमजीएसारखी वेगळी चासी तिला दिलेली नव्हती. बॉडी हाच सांगाडा. बंद गाडीत त्या सांगाड्याला छपराचा आधार मिळतो. उघड्या गाडीत पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग एकमेकांना धरून ठेवायचं बहुतेक काम दारांखालच्या सिलवर येऊन पडतं. सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एक पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंच्या मध्ये उभा पडदा, आणि सगळ्यात खाली कंगोरे असलेली कॅसल रेल. कंगोऱ्यांमधून पाणी निघून जावं अशी मूळ योजना. पण इथे इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर त्या फटींमध्ये जाऊन बसतं, आणि पन्नास वर्षांत पत्र्याचं काय व्हायचं ते होतं.

पूर्ण सिल बदलायची तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो, कारण सिलची टोकं त्यांच्या आड गेलेली असतात. हे वेळखाऊ काम आहे. म्हणून कुजलेल्या पत्र्यावर नवी पट्टी चढवून, सांधे पुट्टीने भरून, वर झकास रंग मारून गाड्या विकल्या जातात. सत्तरच्या दशकातली एक लालभडक गाडी मी बघायला गेले होते, ती अशीच. क्रोम असं की तोंड बघून घ्यावं. मालकांनी आग्रहाने चहा दिला, बिस्किटं दिली. मी खिशातलं लोहचुंबक काढलं आणि दाराखाली लावलं, तर ते घसरून खाली पडलं. थोडं पुढे लावलं, तिथेही पडलं. मग त्यांच्या परवानगीने एका बाजूला जॅक लावला. गाडी उचलली जाऊ लागली तशी दाराच्या मागची फट माझ्या डोळ्यांसमोर बारीक होत गेली, आणि शेवटी दार उघडेनाच. गाडी मधून वाकत होती. गृहस्थ म्हणाले, जुन्या गाड्यांचं असंच असतं. मी चहा संपवला आणि निघाले.

शेवटी जी घेतली ती 1972 ची, टील ब्लू. रंग जागोजागी मळलेला, सीटच्या शिवणी उसवलेल्या, मागच्या बंपरला एक पोचा. पण तिच्याबरोबर एक फुगलेली फाइल आली. त्यात आधीच्या मालकाने सिल बदलताना काढलेले फोटो होते: मडगार्ड कापलेलं, आतला पडदा उघडा पडलेला, नवी कॅसल रेल वेल्ड केलेली. पुढेही वर्षानुवर्षांची बिलं. लालभडक गाडीपेक्षा ही स्वस्तात मिळाली, हे मला आजही खरं वाटत नाही. दिसायला चकचकीत असलं की लोक पैसे देतात, हे विकणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक असतं.

पण मुळात एमजीबीच का? मी रेडिंगला राहते. ही गाडी जिथे तयार व्हायची ते ॲबिंग्डन इथून फार लांब नाही, पण ते काही कारण नव्हतं. कारण मिरजेत आहे. माझ्या मामाची भाड्याची ॲम्बेसेडर होती, पेट्रोलवाली. लग्नाची वऱ्हाडं, नरसोबाची वाडी, पंढरपूर, दवाखान्याची धावपळ, सगळं त्या गाडीवर. ॲम्बेसेडर म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. हिंदुस्तान मोटर्सने ती उत्तरपाऱ्याला बनवली आणि 2014 पर्यंत बनवत राहिली. तिच्यातलं 1489 सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजचं. 1955 च्या एमजीएमध्ये हेच 1489 सीसीचं इंजिन होतं, दोन कार्बोरेटर लावून थोडं तापट केलेलं. तेच पुढे वाढवत वाढवत 1798 सीसीचं झालं आणि एमजीबीत बसलं. म्हणजे इंग्लंडात ज्या गाडीत ऊनपावसाची पर्वा न करता तरुण मंडळी समुद्रावर जायची, तिचं इंजिन आणि मिरज स्टेशनबाहेर भाड्याची वाट बघत उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन सख्खी भावंडं. हे मला कळलं त्या दिवशी माझा निर्णय झाल्यासारखाच होता. बाकी नुसता हिशोब.

मामाला मी फोनवर सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "किती देते?" ॲव्हरेज सांगितल्यावर म्हणाला, "मग परवडत नाही." दुसरा प्रश्न, "किती सीटर?" दोन, म्हटल्यावर बराच वेळ काही बोललाच नाही.

पहिल्यांदा टॅपेट सेट करायला, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट नीट करायला, घेतले तेव्हा त्याला व्हिडिओ कॉल लावला. रॉकर कव्हर वरच्या दोन नटांनी धरलेलं असतं, ते काढलं आणि फोन आत धरला. एका शाफ्टवर ओळीने आठ रॉकर, खाली स्प्रिंगा, सगळ्यावर मधाच्या रंगाचं तेल. "अगं, हे तर आपलंच की!" मामा ओरडला. मामीला हाक मारून दाखवलं. मग चष्मा लावून खुर्ची पुढे ओढली, आणि पुढचा तासभर मी मिरजेत होते.

मी मॅन्युअल उघडून बसले होते. तो म्हणाला, ते ठेव बाजूला. आठ दाबला की एक. सहा दाबला की तीन. चार दाबला की पाच. सात दाबला की दोन. मग तेच उलटं. म्हणजे कुठला व्हॉल्व्ह पूर्ण खाली दाबला गेलाय ते बघायचं, त्याचा नंबर नवातून वजा करायचा, आणि उरेल त्या नंबरचा टॅपेट सेट करायचा. त्या क्षणी तो व्हॉल्व्ह नक्की मोकळा असतो. इंग्लंडातले लोक याला नऊचा नियम म्हणतात. मामाला नऊ-बिऊ माहीत नव्हतं. त्याच्या उस्तादाने ते पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. मी गाडी टॉप गियरमध्ये टाकून थोडीथोडी पुढे ढकलत इंजिन फिरवत होते, कारण प्लग काढले की ते हलकं फिरतं, आणि प्रत्येक वेळी तो विचारत होता, "दाबला का? आता बघ." पंधरा थाऊचं, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीचं, फीलर गेज रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घालायचं, ओढताना थोडं घासलं पाहिजे, अडकता कामा नये. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासायचं. हे मात्र मॅन्युअलमध्येही आहे आणि मामानेही सांगितलं.

गाडी चालती ठेवणं आणि गाडी सुधारणं यांत फरक आहे, आणि जुन्या गाडीवाल्यांची सगळी भांडणं या दोहोंच्या सीमेवर होतात.

एका बाजूला मूळवादी. रेडिएटरच्या पाइपवरची क्लिपसुद्धा त्या काळातलीच हवी. ही मंडळी भली असतात, ज्ञान अफाट, पण त्यांच्या गाड्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरून जातात. दुसऱ्या बाजूला माझा मामा. त्याच्या लेखी मूळ वगैरे काही नाही. जे चालेल ते. डायनमो जळला, दुसऱ्या गाडीचा आल्टरनेटर मिळाला, बसवला. कार्बोरेटर आजचा, पंप कालचा, हॉर्न ट्रकचा. मी पाच गियरच्या गिअरबॉक्सबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "बसतो ना? मग घाल की. विचारतेस काय?"

मूळवादी मंडळींना मी एवढंच विचारते, की मूळ म्हणजे कुठल्या सालचं? कारखाना स्वतःच थांबला नव्हता. सुरुवातीच्या एमजीबींच्या क्रँकला तीन बेअरिंग होती. 1964 मध्ये ती पाच झाली. 1967 पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ होतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, मग निगेटिव्ह झालं, डायनमो जाऊन आल्टरनेटर आला, पहिल्या गियरलाही खरखर न होता गियर पाडणारा सिंक्रोमेश मिळाला. या सगळ्या सुधारणा खऱ्या. मग 1974 साल आलं. अमेरिकेत बंपरचे नवे नियम झाले आणि एमजीबीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत. तेव्हाच्या मालक कंपनीकडे, ब्रिटिश लेलँडकडे, नवी गाडी काढायला पैसे नव्हते. मग क्रोमच्या जागी काळ्या रबराचे जाड बंपर आले, आणि ते नियमात बसावेत म्हणून अख्खी गाडी वर उचलली. वळणावर ती झुलायला लागली. भरीला वळणावरचं झुकणं रोखणारा पुढचा अँटी रोल बारही काही काळ काढून टाकला. अमेरिकेतल्या गाड्यांना दोनाच्या जागी एकच कार्बोरेटर, त्यामुळे ताकदही घटली. 1977 च्या मॉडेलपासून दोन्हीकडे बार देऊन बरीच सावरासावर केली, पण उंची तशीच राहिली. म्हणून आज निम्मे लोक रबर बंपरची गाडी घेऊन ती खाली बसवतात, काही जण क्रोम बंपर लावतात. कारखान्याने केलेली सुधारणा मालकांनी पन्नास वर्षं उलटी फिरवत बसायचं, असा हा प्रकार.

(हे वाचून रबर बंपरवाले रागावतील. त्यांच्या गाड्या अजूनही पुष्कळ स्वस्तात मिळतात आणि चालवायला तेवढीच मजा येते, हे मला मान्य आहे. पण दिसायला नाही. त्यावर मी वाद घालणार नाही.)

सगळ्यात मोठी सुधारणाही शेवटी कंपनीनेच केली. 1980 च्या ऑक्टोबरमध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला; तोवर बंद छपराची जीटी धरून पाच लाखांहून जास्त एमजीबी निघाल्या होत्या. 1988 पासून कंपनीच्याच ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुने साचे शोधून एमजीबीचे कोरे बॉडीशेल, म्हणजे बॉडीचे नवे सांगाडे, काढायला सुरुवात केली. नुसत्या शेलची किंमत बऱ्याच चालत्या एमजीबींपेक्षा जास्त असते, तरी लोक घेतात. त्याच शेलच्या आधारावर 1992 मध्ये रोव्हरने व्ही 8 इंजिन घालून आरव्ही 8 काढली. दोन हजारांच्या आतच निघाल्या, आणि बहुतेक जपानला गेल्या. गंमत अशी, की तेव्हा जपानी माझदा एमएक्स 5 येऊन तीन वर्षं झाली होती, जी चालवून बघितली तर वाटतं की जुन्या ब्रिटिश रोडस्टर समोर ठेवून कोणीतरी गळती तेवढी बंद केलीय. डोक्याने घ्यायची तर तीच घ्यावी. मला टॅपेट सेट करायचे होते.

तर माझ्या गाडीला मी काय काय केलं. आधी विजेचं. ब्रिटिश जुन्या गाड्यांच्या विजेवर इथे विनोदांचा पूर असतो. विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या संस्थापकाला अंधाराचा राजपुत्र म्हणतात. पण माझ्या गाडीत दिवे मिणमिणत होते त्यात लुकासचा दोष नव्हता. बॉडीला अर्थ जोडलेल्या जागी हिरवी बुरशी चढली होती, आणि आधीच्या कुणीतरी रेडिओसाठी, अलार्मसाठी, देव जाणे कशासाठी, वायरी सोलून वेटोळी करून टेप गुंडाळला होता. ते सगळं काढलं. अर्थचे सांधे घासून पुन्हा आवळले. हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो, त्यासाठी दोन रिले घातले. दिवे असे लागले की मला वाटलं बल्ब बदललेत.

मग पेट्रोलचे पाइप. सप्टेंबर 2021 पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुनं रबर त्यात फुगतं, तडकतं. इंजिनवर पेट्रोल ठिबकणं हा विनोदाचा विषय नाही. पाइप बदलले, आणि टाकीत महागडं सुपर भरते, ज्यात इथेनॉल कमी. शिसंवालं पेट्रोल तर इथे 2000 सालीच बंद झालं. त्यासाठी हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्याचं बिल फाइलमध्ये होतंच.

पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या जुन्या संपर्कांच्या, जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं तेव्हा मात्र मामा नाराज झाला. पॉइंट म्हणजे त्याचा प्रांत. वाटेत गाडी बंद पडली की डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, पॉलिश पेपरचा तुकडा दोन वेळा फिरवायचा, गाडी चालू. "ते तुझं डबडं गेलं तर घाटात काय घासशील?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणून जुने पॉइंट आणि कंडेन्सर तेलकट फडक्यात गुंडाळून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलेत. ते डबडं डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली झाकलेलं आहे, बाहेरून कळत नाही, आणि अर्ध्या तासात सगळं पूर्ववत करता येतं. मी कुठलाही बदल करताना हेच बघते. ज्यासाठी पत्रा कापावा लागतो ते मी करत नाही.

पाच गियरची पेटी म्हणूनच नाही घातली. तशी गरजही नाही, कारण माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह आहे. ज्यांनी ही चीज वापरलेली नाही त्यांना सांगायला हवं. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली ही वेगळी यंत्रणा. तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये असताना स्टिअरिंगजवळची दांडी बोटाने हलवायची, क्लच दाबायचा नाही, काही नाही. क्षणभर काहीच होत नाही. मग कुठेतरी पाठीमागे मऊ धक्का बसतो, इंजिनचा आवाज दोन सूर खाली उतरतो, आणि गाडी तेवढ्याच वेगात पळत राहते. मोटरवेवर हे नसेल तर इंजिन रडकुंडीला येतं. गाडी घेताना ओव्हरड्राइव्ह चालतो का हे जरूर बघावं. बंद पडलेला असेल तर बरेचदा दोष वायरीतच असतो.

ताकद वाढवायच्या भानगडीत पडले नाही. या हेडला चार सिलिंडरसाठी इनलेटची दोनच तोंडं आहेत. दोन दोन सिलिंडर एका तोंडातून श्वास घेतात. त्यावर कितीही खर्च केला तरी एका मर्यादेपुढे तो जिरतो. शिवाय चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि 2018 पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. पण गाडीत मूलभूत बदल केले तर तपासणीची सूट जाऊ शकते. मी तपासणी तरीही करून घेते. दुसऱ्या कुणीतरी वर्षातून एकदा खाली शिरून टॉर्च मारलेला बरा.

वेळ सगळ्यात जास्त गेला तो दोन एसयू कार्बोरेटरवर. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. प्रत्येकाच्या तोंडाशी रबरी नळी धरायची, दुसरं टोक कानाला, आणि फुत्कार ऐकायचा. दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. यासाठी मीटर मिळतं, माझ्याकडे आहेही. पण नळीने मला जास्त नीट कळतं. मग डॅशपॉटची, म्हणजे कार्बोरेटरवरच्या तेलाच्या नळकांड्याची, टोपी काढून आत थोडं पातळ तेल. ते संपलं की पाय दाबल्यावर गाडी अडखळते, आणि लोक उगाच इग्निशन उचकटत बसतात.

चालवताना काय होतं हे लिहिणं अवघड आहे, कारण वेग सांगून उपयोग नाही. पन्नास मैलांचा वेग शंभराचा वाटतो. बूड रस्त्यापासून वीतभर वर, शेजारून लॉरी गेली की तिच्या चाकाचे नट डोळ्यांच्या पातळीवर. शेणखताचा, कापलेल्या गवताचा, कुणाच्या तरी बार्बेक्यूचा वास सरळ नाकात. स्टिअरिंग उभ्या गाडीत दगडासारखं जड आणि चालत्या गाडीत बोलकं. रस्त्यावरची प्रत्येक रेघ मनगटाला कळते, म्हणून पॉवर स्टिअरिंगचा किट कितीही सुचवला तरी मी घेणार नाही. हीटर आहे, पण तो असल्यासारखा नाही. पाऊस आला की आधी थांबून हुड चढवायचा, आणि चढवेपर्यंत तुम्ही भिजलेले असताच. एकदा अशा वेळी रस्त्याकडेच्या पबमधून एक आजोबा छत्री घेऊन धावत आले आणि मी बटणं लावेपर्यंत ती माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले. त्यांच्याकडेही एक होती, लग्नाआधी. मुलं झाल्यावर विकली. अशी माणसं प्रत्येक पेट्रोल पंपावर भेटतात, आणि जवळजवळ प्रत्येकाने मुलं झाल्यावरच विकलेली असते.

मामा मागच्या उन्हाळ्यात इथे आला होता. त्याला घेऊन ॲबिंग्डनला गेले. कारखान्याच्या जागी आता दुसरंच सगळं आहे. गावातल्या काउंटी हॉलच्या म्युझियममध्ये एक एमजीबी ठेवलेली आहे. ती त्याने दोरीच्या अलीकडून, हात मागे बांधून, सगळीकडून बघितली. बाहेर आल्यावर म्हणाला, तिचं तेल बदलत असतील का कुणी? परतीच्या वाटेवर तो बराच वेळ काही बोलेना. मला वाटलं जुने दिवस आठवले असतील. तर तो वळणावर येणारा आवाज ऐकत होता. "डावीकडलं मागचं चाक. कट्कट् करतंय. थांब."

त्याचं बरोबर होतं. माझ्या गाडीला तारांची चाकं आहेत, मधोमध एकच मोठा नट, तांब्याच्या हातोड्याने ठोकून आवळायचा. आत हबवर दाते असतात आणि चाकाचे दाते त्यात बसतात. ते झिजले की गाडी सोडताना आणि धरताना चाक हबवर सूतभर सरकतं. आता चाक आणि हब दोन्ही बदलावे लागणार, कारण झिजलेल्या हबवर नवं चाक घातलं तर तेही झिजतं. खर्च बराच आहे. दुसरा मार्ग म्हणजे बोल्टची साधी चाकं, पण मागे तारांच्या चाकांसाठीचा ॲक्सल वेगळा, थोडा अरुंद असतो, तोही बदलावा लागेल. तारांची चाकं मूळची आहेत, फाइलमध्ये पहिल्या बिलावर तशी नोंद आहे. साध्या चाकांना मात्र ना तारा ताणाव्या लागतात, ना हातोडा. मामाचं मत तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. मी अजून दोन्हीकडचे भाव काढते आहे.